रिकाम्या टाकीतले दोनशे टन

सिडको, छत्रपती संभाजीनगर
भाद्रपद

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मागे वारा इतका होता की निम्मं बोलणं कळलंच नाही. जेवढं कळलं ते असं : माल मोजायला तू गेली होतीस त्या जहाजाच्या हिशेबाने जेवढा गॅस उतरला, त्यापेक्षा किनाऱ्यावरच्या टाकीत कमी भरला. सीनियर म्हणाले, फरक मर्यादेत आहे, सही कर. आणि तू विचारलंस, ‘मामा, दोन्हींपैकी खरा आकडा कुठला?’ मी ‘लिहून कळवतो’ म्हणालो, कारण फोनवर देण्याजोगं ते उत्तर नव्हतं. दोन दिवस डोक्यात घोळवून आज बसलो आहे. पत्र लांबेल. जेटीवर वाचू नकोस, खोलीवर गेल्यावर निवांत वाच.

तुला आठवत असेल, पावसाळ्यात आपल्या घरी पेपर आला की तुझे आजोबा आधी एकच चौकट शोधायचे : जायकवाडीत पाणी किती. अजूनही या शहरात सगळ्यांची तीच सवय आहे, आणि नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे ज्याने भोगलंय त्याला ती सवय का लागते हे सांगावं लागत नाही. जायकवाडीचा नाथसागर भरला असं आपण म्हणतो तेव्हा पातळी १५२२ फुटांवर असते. त्या पातळीला एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त २१७१. आता विचार कर, हे पाणी कुणी बादलीने मोजलं का? भिंतीजवळच्या मोजपट्टीवर कुणीतरी पातळी वाचतो आणि एका तक्त्यात बघतो. अमुक फुटाला अमुक पाणी, हा तक्ता खोऱ्याची मोजणी करून आधीच केलेला असतो. आकडा पाण्यातून येत नाही, तो पातळी आणि तक्ता यांच्या जोडीतून येतो. धरण १९७६ सालचं. तेव्हापासून गोदावरी तळाशी गाळ आणून टाकते आहे. तक्ता जुनाच ठेवला तर पातळी अगदी बरोबर वाचूनही उत्तर चुकेल.

गॅसचं जहाज म्हणजे तरंगतं जायकवाडी. तूही टाकीत उतरून काही मोजत नाहीस. टाकीत माणूस उतरूच शकत नाही, प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळत असतो. तू वाचतेस ती तरंगत्या गेजवरची किंवा रडारवरची पातळी, आणि मग जहाज बांधलं तेव्हा तिसऱ्याच संस्थेने मोजून दिलेला टाकीचा तक्ता उघडतेस. त्यातही जहाज पुढे-मागे किती झुकलंय, डावी-उजवीकडे किती कललंय, याची दुरुस्ती. थंडीने टाकी स्वतः आक्रसते, तिची दुरुस्ती. गेजची फीत आक्रसते, तिची वेगळी. हे सगळं तुला शिकवलं असणार, मी पुन्हा शिकवत नाही. मला सांगायचंय ते याच्या अलीकडचं आहे.

मोठ्या एलपीजी जहाजाची क्षमता धर ८४ हजार घनमीटर. चार टाक्या. अशा जहाजावर साधारण ४४ हजार टन माल येतो. आपल्या स्वयंपाकघरातलं सिलिंडर १४.२ किलोचं, म्हणजे त्या एका जहाजात जवळपास ३१ लाख सिलिंडर आहेत. टाकीचं आडवं क्षेत्रफळ हजार चौरस मीटर धरलं, तर पातळी वाचताना एका टाकीत एक सेंटिमीटर इकडचं तिकडं झालं की दहा घनमीटरचा फरक पडतो. ते झाले पावणेसहा टन, म्हणजे चारशे सिलिंडर. तुझ्या नखाएवढ्या चुकीत एक अख्खं गाव महिनाभर जेवतं. सीनियर ज्याला मर्यादा म्हणाले ती अर्ध्या टक्क्याची असेल, तर या जहाजावर ती २२० टन होते. साडेपंधरा हजार सिलिंडर. हे आकडे मी तुला घाबरवायला देत नाही. ‘मर्यादेत आहे’ हे वाक्य ऐकल्यावर तू क्षणभर थांबावंस म्हणून देतो आहे. मर्यादा असते उपकरणाच्या अचूकतेला. न पाहता लिहिलेल्या आकड्याला ती लागू होत नाही.

आता रिकाम्या टाकीचं सांगतो, कारण नवा माणूस इथे हमखास घसरतो.

पंप थांबले, पातळी शून्यावर आली, चीफ ऑफिसर म्हणतो टाक्या रिकाम्या. त्या रिकाम्या नसतात. द्रव गेला, पण ८४ हजार घनमीटर जागा प्रोपेनच्या वाफेने भरलेली आहे. थंड असताना त्या वाफेचं वजन घनमीटरला दोन-सव्वादोन किलोपर्यंत भरतं. गुणून बघ : दीडशे ते दोनशे टन. दहा ते चौदा हजार सिलिंडर भरतील एवढा गॅस त्या ‘रिकाम्या’ टाक्यांत उभा असतो. म्हणून हिशेब नेहमी दोन भागांचा, द्रव आणि वाफ, माल उतरवण्याच्या आधीही आणि नंतरही. वाफेसाठी दाब आणि तापमान दोन्ही लागतात, आणि शेवटच्या मोजणीत टाकीच्या वरचं तापमान तळापेक्षा बरंच जास्त असतं. सकाळी आरामात घेतलेली सुरुवातीची मोजणी सगळे नीट करतात. चाळीस तास जागून, जहाज सुटायची घाई असताना, पायलट बोटीची वेळ झालेली असताना घेतलेली शेवटची मोजणी, तिथे माणसाची पारख होते. दोन्ही मोजण्यांना सारखाच वेळ दे. तुझ्यामुळे जहाज पंधरा मिनिटं थांबलं तर थांबू दे.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. एका बंदरात मध्यम आकाराचं प्रोपेनचं जहाज आलं होतं, तीन टाक्यांचं, वीसेक हजार टन माल. रात्रीचे दोन, धो-धो पाऊस. मी कंट्रोल रूममध्ये बसून होतो. ऑफिसरने तापमानांचा छापील कागद पुढे केला. तिसऱ्या टाकीत द्रवात बुडालेले तीन सेन्सर होते. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आणि तिसऱ्याचा सहा अंशांनी खाली. एका टाकीत, ढवळलेल्या थंड द्रवात, सहा अंशांचा फरक? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी तिन्हींची सरासरी काढली आणि पुढे गेलो. सरासरीने तो खोटा आकडा आपल्या पोटात घेतला आणि वर एक गोंडस आकडा दिला, दोन अंशांनी चुकलेला. थंड प्रोपेनची घनता अंशाला साधारण ०.२ टक्का बदलते. दोन अंशांना ०.४. त्या टाकीतल्या सहा हजार सातशे टनांवर २७ टन. एकोणीसशे सिलिंडर, जी कधी जहाजात नव्हतीच, ती मी माझ्या सहीने उभी केली.

किनाऱ्यावर माल कमी भरला, दोन्ही बाजूंनी निषेधाची पत्रं गेली. तीन दिवसांनी माझ्या वरिष्ठांनी दोन्ही मोजण्यांचे कागद शेजारी ठेवले आणि बोट ठेवलं : त्या सेन्सरचा आकडा सुरुवातीला जो होता तोच शेवटीही होता, दशांशासकट. टाकीतला द्रव निघून गेला तरी सेन्सरला पत्ता नव्हता. तो केव्हाच अडकला होता. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘तू सेन्सरची नोंदवही मागितली होतीस? डेकवर गेला होतास?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’ होतं. त्या रात्री ज्यांनी मला कागद दिला त्यांना सेन्सरचं माहीत होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि खरं तर त्याने काही बदलत नाही. सही माझी होती.

त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मी न पाहिलेला आकडा लिहिला नाही. सेन्सर चालत नसेल तर ‘चालत नाही, हिशेबात धरला नाही’ असं लिहिलं. जहाजाच्या माणसाने सांगितलेला आकडा घ्यावाच लागला तर ‘जहाजाने सांगितल्याप्रमाणे’ असं शेजारी लिहिलं. हे दोन शब्दप्रयोग तुला देतो. माझ्याकडून दागिना समज.

तू पुढे एलएनजीवर जाणार म्हणतेस. मग दाभोळला जाशील. लहानपणी तुला एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचं नाव फक्त भांडणापुरतं माहीत होतं, पण गुहागर तालुक्यात अंजनवेलला, वाशिष्ठीच्या मुखाशी, त्याच प्रकल्पातून आलेलं एलएनजी टर्मिनल आहे आणि ते जानेवारी २०१३ मध्ये सुरू झालं. बरीच वर्षं तिथे लाटा अडवणारा बंधारा अपुरा होता, त्यामुळे पावसाळ्यात जहाज लावता येत नसे. एवढा खर्च करून उभं केलेलं टर्मिनल वर्षातले चार महिने समुद्राकडे बघत बसे. मला याची फार चुटपुट वाटते. जहाज आणि किनारा एकमेकांपाशी स्थिर उभे राहिल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. मोजणीही नाही.

एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, उणे १६२ अंशांच्या आसपास. वायूच्या मानाने सुमारे सहाशेवा भाग जागा घेतो म्हणून तर जहाजात मावतो. तो विकला जातो उष्णतेवर. आकारमान गुणिले घनता गुणिले उष्मांक, आणि त्यातून वजा तो वायू, जो टाकी रिती होताना दाब टिकवण्यासाठी किनाऱ्यावरून जहाजाकडे परत पाठवतात. हा परतीचा वायू विसरलेला हिशेब मी पाहिला आहे. शिवाय माल वाटेत स्वतः बदलतो. इन्सुलेशन कितीही चांगलं असलं तरी उष्णता आत झिरपते, रोज थोडा गॅस उकळून जातो. जुन्या जहाजांवर दिवसाला ०.१५ टक्क्यापर्यंत. आणि आधी जातात ते हलके घटक, नायट्रोजन नि मिथेन. म्हणजे जे भरलं तेच उतरत नाही, थोडं जड झालेलं उतरतं. म्हणून भरलेल्या बंदराच्या दाखल्यावर विसंबायचं नाही, इथे नमुना घ्यायचा.

हा बदल न पाहण्याची किंमत फक्त पैशात नसते. १९७१ सालच्या ऑगस्टमध्ये इटलीत ला स्पेझियाला ‘एस्सो ब्रेगा’ नावाचं जहाज सुमारे महिनाभर बंदरात थांबून मग रितं झालं. एवढ्या दिवसांत माल जड आणि किंचित उबदार झाला होता. तो किनाऱ्यावरच्या टाकीत आधीच्या हलक्या मालाच्या खाली भरला गेला. जड खाली, हलकं वर, दोन थर, मिसळलेच नाहीत. सुमारे अठरा तासांनी थर एकदम उलटले, आणि दोन हजार टनांच्या आसपास वायू टाकीतून बाहेर फेकला गेला. आग लागली नाही हे नशीब. घनतेचा आकडा कागदावर कोपऱ्यात असतो, बारीक अक्षरात. अशा अनुभवांमुळेच टर्मिनलवर भरण्याआधी दोन्ही मालांची घनता बघतात.

आणि आपल्याकडचं सांगतो, ते विसरू नकोस. १४ सप्टेंबर १९९७, विशाखापट्टणम. जहाजातून एलपीजी उतरवून रिफायनरीच्या टाक्यांत भरलं जात असताना गळती झाली, सकाळी स्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. एलपीजी हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा जमिनीवरून सरपटतो, गटारात, खळग्यात बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. घरच्या सिलिंडरचा वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. जहाजातून येणाऱ्या मालाला बहुधा वास नसतो. म्हणून तिथे नाकावर भरवसा नाही, मीटर कमरेला. हे मी तुला आईच्या जागी बसून सांगतो आहे : ऑक्सिजन २०.९ दाखवल्याशिवाय कुठल्याही बंद जागेत पाऊल टाकायचं नाही, आतला माणूस पडलेला दिसला तरी एकटीने धावायचं नाही. बंद जागेत भरलेल्या नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, दुसरा श्वासही मिळत नाही. मला आठवणारी जास्त माणसं अशी गेली आहेत, आगीत नव्हे.

जहाज तपासायला वेगळे इन्स्पेक्टरही येतात. १९९३ पासून सायर नावाची पद्धत आहे, तेल कंपन्यांच्या संघटनेने उभी केलेली. सप्टेंबर २०२४ पासून ती नव्या रूपात आली आहे आणि आता तपासणारा नुसती कागदपत्रं बघत नाही, खलाशाला विचारतो, ‘हे कसं करतोस, दाखव.’ गेजचं कॅलिब्रेशन कधीचं, आपत्कालीन झडपा ३० सेकंदांत बंद होतात का, आणि फार झटकन बंद होऊन पाइपात दाबाचा तडाखा तर देत नाहीत ना. तो इन्स्पेक्टर आणि तू, दोघांची कामं वेगळी आहेत, पण त्याचा अहवाल मिळाला तर जरूर वाच. ज्या जहाजावर वह्या नीट आहेत, त्या जहाजावर आकडेही बहुधा नीट असतात.

आता तुझा प्रश्न. खरा आकडा कुठला.

दोन्ही खरे असू शकतात, बाळा. जहाज सांगतं, माझ्याकडून एवढं गेलं. किनारा सांगतो, माझ्याकडे एवढं आलं. मधे पाइप आहे, तो आधी भरलेला होता की रिकामा? दोघांनी घनता एकाच नमुन्याची धरली का? एकाने हवेतलं वजन धरलं आणि दुसऱ्याने निर्वातातलं, असं तर नाही? वाफ दोघांनी मोजली का? फरक निघाला की आधी हे प्रश्न, मग सही. किती माल धरायचा यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलंय. २०१५ साली मंगलोर रिफायनरीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की आयात शुल्क किनाऱ्यावरच्या टाकीत प्रत्यक्ष आलेल्या मालावर, बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे माल भरतानाच्या दाखल्यावरच्या, आकड्यावर नाही. तो खटला कच्च्या तेलाचा होता, पण त्यातून तू एक गोष्ट लक्षात घे : बंदरात रात्री तीन वाजता लिहिलेला आकडा वर्षांनंतर न्यायाधीशांसमोर उघडला जाऊ शकतो.

तू विकणाऱ्याची नाहीस, घेणाऱ्याची नाहीस, फी कुणीही देवो. आपल्या कॉलनीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हा तो भरून आलाय की अर्धा, हे बघायला एक म्हातारे गृहस्थ शिडीवर चढायचे, आठवतात? टँकरवाला त्यांच्यावर चिडायचा आणि कमी पाणी मिळालं की कॉलनीही त्यांच्यावरच चिडायची. तरी वाद झाला की दोघेही त्यांनाच विचारायचे, ‘काका, तुम्ही पाहिलं ना?’ तुझी नोकरी ती आहे.

म्हणून या जहाजाचं असं कर. दोन्ही आकडे जसेच्या तसे लिही, शेजारी-शेजारी. फरक लिही, टनांतही आणि टक्क्यांतही. कारण सापडलं तर कारण, नाही सापडलं तर ‘कारण सापडलं नाही’. निषेधाचं पत्र द्यावं लागलं तर दे. ते भांडण नसतं. ही बाब उघड्यावर ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. सीनियरांशी उद्धट बोलू नकोस, त्यांनी हजार जहाजं पाहिली आहेत आणि कदाचित या वेळी त्यांचंच बरोबर निघेल. फक्त म्हण, ‘सर, शेवटच्या मोजणीची तापमानं मी एकदा पुन्हा बघते, मग सही करते.’ चांगला सीनियर याला कधी नाही म्हणत नाही. म्हणालाच, तर मला फोन कर, कितीही वाजले असू देत.

इथे परवापासून पाऊस लागला आहे. आजच्या पेपरात जायकवाडीचा आकडा चांगला आहे, आजोबा असते तर दोनदा वाचून दाखवला असता. घरी सगळं ठीक. मामी म्हणते, जेवणाची हेळसांड करू नकोस.

पुढचं जहाज लागेल तेव्हा पाऊस असेल, रात्र असेल आणि कुणीतरी छापील कागद पुढे करेल. तो घे, आभार मान, आणि मग स्वतः उठून सगळी तापमानं तुझ्या डोळ्यांनी पाहा. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
मामा